बेबी ऑफ श्रुती

भाचीच्या बारशात मी तीन वेळा मार खाल्ला आणि तिन्ही वेळा फुकट.

बारशाला आत्या बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगते आणि त्याच क्षणी मागे उभ्या असलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, ही रीत सगळ्यांना माहीत आहे. आमच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा देव सुटले, नवस सुटले, अंगारे-धुपारे सुटले, पण आत्याची पाठ काही कोणी सोडली नाही. आता बौद्धाचार्य येतात, मेणबत्त्या लागतात, त्रिशरण-पंचशील होतं आणि सगळं शांतपणे पार पडलं की शेवटी आत्याला बडवतात. मार खाण्याबद्दल माझी तक्रार नाही, हक्काचा मार आहे तो. पण मार खाल्ल्यावर पोरीला नाव तर पडलं पाहिजे की नाही? चौदा महिने झाले तरी माझ्या भाचीला नाव नव्हतं आणि त्याला कारण एकच, माझा भाऊ अभय.

अभय माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. रत्नागिरीत हायस्कूलला गणित शिकवतो. शहराला लागून नाचणे गावात त्याचं छोटंसं घर आहे, तिथे आमचे बाबाही त्याच्याजवळ असतात. त्या घराच्या हॉलमध्ये एका भिंतीवर पिवळ्या रंगाचे अकरा पट्टे आहेत. कुठला पिवळा चांगला दिसतो ते बघायला मारले होते, त्याला आता पाच वर्षं झाली. सोफा अजून पसंत पडायचा आहे म्हणून पाहुणे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसतात. लग्नसुद्धा झालं ते श्रुतीमुळे. ती त्याच्याच शाळेत प्रयोगशाळा सांभाळते. तिच्याशी बोलायचं पहिलं वाक्य हा दोन वर्षं जुळवत होता. शेवटी एक दिवस तीच म्हणाली, “सर, तुम्हाला काही म्हणायचं असेल तर म्हणा, नाहीतर मी म्हणते.” म्हणून आज तो संसारी माणूस आहे.

लोक त्याला आळशी समजतात. साफ चूक. आळशी माणूस निदान झोपतो तरी. अभय झोपत नाही, तो विचार करतो. काम हातात घेतलं तर ते इतकं चांगलं व्हायला हवं की कोणाला नाव ठेवायला जागा राहू नये, आणि तेवढं चांगलं होईल याची खात्री नसते म्हणून तो ते हातातच घेत नाही. लहानपणी चित्रकलेच्या तासाला कोरा कागद देऊन आला होता. बाईंनी विचारलं तर म्हणाला, डोक्यात चांगलं होतं, कागदावर आलं असतं तर बिघडलं असतं.

मी मात्र उलट्या टोकाची. मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर माझी पंचवीस वर्षं गेली. रोज तीनशे माणसं. नाव, वय, पत्ता, कुठल्या डॉक्टरकडे, पुढे चला. एका माणसाला चाळीस सेकंद. एवढ्या वर्षांत मी किती लाख नावं लिहिली असतील देव जाणे, म्हणजे देव नाही, पण कोणीतरी जाणत असेल. माझ्यासारख्या बाईच्या सख्ख्या भावाला चौदा महिन्यांत एक नाव ठेवता येऊ नये, हे मला झोंबणार नाही तर कोणाला झोंबेल?

पहिलं बारसं बाराव्या दिवशी, डिसेंबरात. मी चांदीचे वाळे घेऊन गाडीने आले. अभय म्हणाला, “ताई, नाव मी तुला ऐन वेळी चिठ्ठीवर देतो.” ऐन वेळी चिठ्ठी आली. मी पाळण्यात वाकले, कुर्रर्र केलं, चिठ्ठी उघडली. आत सात नावं आणि प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह. मागे बायकांनी सुरुवात केलीच होती. त्यातल्या त्यात शेजारच्या मैनामावशी. बाई साठीच्या आहेत, पण हात असा की अजून पोहे हाताने कांडत असतील. मी ओरडले, “अगो थांबा, नाव नाहीये!” पण धपाटे काही मध्ये थांबवता येत नाहीत.

दुसरं बारसं बुद्धपौर्णिमेला. या वेळी नाव पक्कं होतं, करुणा. मला दोन दिवस आधी फोनवर सांगितलं होतं. मी वाकले, कुर्रर्र केलं, पाठीत सुरू झालं आणि मैनामावशी मारता मारता कौतुकाने म्हणाल्या, “छान नाव हाय. शाळेतली पोरं करोना करोना करतील, पण करूंदेत.” बस्स. अभयचा चेहरा उतरला. “ताई, सांगू नकोस!” असा ओरडला आणि करुणा तिथेच संपली.

तिसरं पोरीच्या पहिल्या वाढदिवसाला. केकवाल्याने नाव विचारलं तर हा म्हणाला, जागा सोडून ठेवा. मग काय, केकवर वर ‘हॅपी बर्थडे’ आणि खाली वीतभर पांढरं मैदान. त्या दिवशी प्रज्ञा हे नाव ठरणार होतं, पण सकाळीच त्याला आठवलं की नववी ब मधली प्रज्ञा गणितात दोनदा नापास झाली आहे. मी पाळण्याकडे वळलेसुद्धा नव्हते. मैनामावशींनी मला बघितलं आणि सवयीने एक ठेवून दिली.

पोरीच्या लसीच्या कार्डावर पहिल्या दिवसापासून ‘बेबी ऑफ श्रुती’ असं लिहिलेलं. लसीकरणाला गेलं की नर्स मोठ्याने पुकारायची, “बेबी ऑफ श्रुती!” आणि चालत्या पोरीला घेऊन श्रुती मान खाली घालून पुढे व्हायची. जन्मदाखल्यातली नावाची जागा मोकळी. मी रागावले की अभय म्हणे, “ताई, दाखल्यावर नाव घालायला पंधरा वर्षं मुदत असते.” हे सांगताना त्याला जरासुद्धा हसू येत नसे.

आणि वही. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. त्यात चारशे बारा नावं आणि प्रत्येकाला शंभरपैकी गुण. अर्थाला वीस, उच्चाराला वीस, विचाराशी जुळण्याला वीस आणि उरलेले चाळीस ‘मोडतोड’ या रकान्यात. म्हणजे लोक त्या नावाची किती वाट लावू शकतील त्याचे गुण कापायचे. महामाया: गावात भांडकुदळ बाईला महामाया म्हणतात, वजा तीस. यशोधरा: यशोदा करतील, वजा वीस. उत्पला: उत्पात, वजा पस्तीस. धम्मदीपा: पुढचं सोडून दीपा तेवढं ठेवतील, वजा पंचवीस. मी एकदा विचारलं, “अरे, अर्थाला वीस आणि मोडतोडीला चाळीस, हा कुठला हिशोब?” तर वही मिटून आत गेला.

हे सगळं मी हसण्यावारी नेलंही असतं. पण जानेवारीत बाबांना दम लागला आणि आठ दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं.

आमचे बाबा, सखाराम, वय एक्क्याऐंशी. तीस वर्षं मुंबईत गोदीत काम केलं, मग कोकणात परतले. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर अभयला बाजूला घेऊन म्हणाले की हृदय थकलंय, जपा. बाबांना हे कोणी सांगायची गरज नव्हती. मी भेटायला आले तेव्हा खाटेवर उशीला टेकून बसले होते. पोर खाली फरशीवर डबे आपटत होती.

“प्रेमला,” बाबा म्हणाले, “माजा आता काय भरवसा नाय. मला दुसरा काय नको. हिला हिच्या नावानं एकदा हाक मारायची हाय.”

मी म्हटलं, “बाबा, तुम्ही काहीही हाक मारा की. बाय म्हणा, पोरी म्हणा.”

“बाय काय, सगळ्यांच्याच पोरीला बाय म्हणतात. हिची हिला पायजे.” एवढं बोलून त्यांनी दम घेतला.

त्या दिवशी मी अभयला स्वयंपाकघरात गाठलं आणि जे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी फेब्रुवारीतला दुसरा रविवार ठरला. काही झालं तरी नाव. श्रुतीसमोर त्याने कबूल केलं. श्रुती म्हणाली, “ताई, या वेळी नाही झालं ना, तर मी लसीकरणाच्या नर्सला विचारून ठेवते नाव.” ती थट्टा करत नव्हती.

रविवारी सकाळी सगळं तयार होतं. शेजारणी जमल्या, खीर उकळत होती, बाबा धुतलेला लेंगा-सदरा घालून खुर्चीत बसले होते, हातात काठी. बौद्धाचार्य आत्माराम गुरुजी आतल्या गावातून एसटीने येणार होते, हातखंब्याच्या नाक्यावर उतरणार होते. अभय म्हणाला, “मी स्कूटरवर घेऊन येतो.” नऊ वाजता गेला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण जाताना त्याच्या काखेत वही होती.

साडेदहाला गुरुजी आले. एकटेच, वडापच्या जीपमधून.

“अभय कुठाय?” मी विचारलं.

“नाक्यावर हायत,” गुरुजी चपला काढत म्हणाले. “मला म्हणाले, तुम्ही पुढे व्हा, मी पाच मिनिटांत आलो. वडापवाल्याला भाडं पण त्यांनीच दिलं. चहाच्या टपरीवर बसून कायतरी लिवत होते.”

 श्रुतीने गॅस बंद केला आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. बाबांनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तशीच चपला घालून रस्त्यावर आले आणि समोर दिसलेल्या रिक्षाला हात केला.

रिक्षावाला निलेश नावाचा तरुण होता. माझं तोंड बघून त्याने काही विचारायला नको होतं, पण कोकणी माणूस. “काय ताई, कोणी वारलं काय?”

“नाही. नाव ठेवायचंय.”

मग सगळी हकिगत सांगावीच लागली. तो मनापासून ऐकत होता. मी विचारलं, “तुला मुलगी आहे?”

“हाय की. समृद्धी.”

“कसं ठरवलंस?”

“मी कुठला ठरवतोय? आयशीनं तिच्या ठरवलं. मी तेव्हा चाक बदलत होतो.” आणि हॉर्न वाजवून त्याने एका डंपरला बाजूला व्हायला सांगितलं.

हातखंब्याला हायवेच्या कामाची धूळ उडत होती. टपरीच्या मागच्या बाकावर माझा भाऊ बसला होता, समोर निवलेला चहा, मांडीवर वही, कानावर पेन. मला बघून दचकला नाही. उलट कोणीतरी आलं याचं त्याला बरं वाटलं असावं.

“ताई, दोनच उरलीत. विशाखा आणि मैत्री. दोघींना साडेएक्क्याण्णव.”

मी बसले. इतका राग आला होता की आधी उभं राहूनच बोलायचं ठरवलं होतं, पण पाय दुखत होते. “पुढे?”

“विशाखाचा अर्धा मार्क नक्षत्राने खाल्ला. लोकांना वाटेल, आम्ही पंचांग बघून नाव ठेवलं. आणि मैत्रीचं असं, की शाळेत पोरं मुद्दाम म्हणणार, मैत्री करशील का. मी परत पहिल्यापासून गुण देऊन बघतोय. कुठेतरी चूक आहे.”

“चूक तुझ्या डोक्यात आहे,” मी म्हटलं. “घरी बाबा खुर्चीत बसलेत. पांढरा सदरा घालून बसलेत. तुझ्या बायकोने गॅस बंद केलाय. सगळ्या शेजारणी बघतायत. आणि तू इथे अर्ध्या मार्कासाठी चहा निववत बसलायस? मास्तर, तुझ्या वर्गातलं पोर पेपराला तीन तास एकच गणित सोडवत बसलं तर तू काय करशील?”

“पेपर काढून घेईन.”

“मग दे इकडे वही.”

त्याने वही दिली नाही. दोन्ही हातांनी धरून ठेवली. मग धुळीकडे बघत म्हणाला, “ताई, तुला आठवतं? बाबा मे महिन्यात मुंबईहून आले होते. आपण त्यांना एसटीवर आणायला गेलो होतो. नाट्याला.”

मला आठवलं. तो पुढचं बोलायच्या आधीच आठवलं. आमचं मूळ घर नाट्याच्या बाजूला. अभय तेव्हा आठ वर्षांचा, मी सतरा. बाबा एसटीतून उतरले ते इस्त्रीची पॅन्ट, काळा चष्मा, हातात मोठी बॅग. आम्हाला काय ऐट वाटत होती. बॅगेचं एक टोक मी धरलं होतं, बाबांचं बोट अभयने. वाटेत वरच्या आळीतला एक पोरगा दगडी गडग्यावर पाय सोडून बसला होता. असेल दहा-अकरा वर्षांचा. तिथूनच ओरडला, “काय रे सख्या, कधी आलास?”

आमचे बाबा तेव्हा एक्कावन्न वर्षांचे होते. ते हसले आणि म्हणाले, “कालच निघालो, भाऊ.”

“भाऊ म्हणाले त्याला,” अभय म्हणाला. “आणि त्याने सख्या म्हटलं. मी तेव्हापासून… म्हणजे मला कायम वाटतं, की माझ्या पोरीचं नाव असं पाहिजे की कोणाला ते मोडताच येऊ नये. कोणी गडग्यावर बसून हाक मारली तरी ते पूर्णच मारावं लागेल, असं. असं एक तरी नाव असेल ना, ताई?”

चारशे बारा नावं, मोडतोडीला चाळीस गुण. मला एकदम रडू आलं. भररस्त्यात, टपरीवर, हातात कोणाचा तरी चहा धरून मी रडले. मी सगळ्यांना सांगत फिरत होते की माझा भाऊ विक्षिप्त आहे, आणि तो तिथेच त्या गडग्याखाली आठ वर्षांचा होऊन उभा होता. आणि मी? मीही त्या दिवशी तिथेच होते. त्या पोराला मनातल्या मनात शिव्या देऊन बॅग उचलून चालू लागले होते. मग आयुष्यभर खिडकीवर येईल त्याला ‘अहो’ म्हटलं. दारू पिऊन आलेल्यालासुद्धा. सगळे हसायचे, पण कधी कोणाला अरे-तुरे केलं नाही.

“मला उत्तर येत नाही,” मी म्हटलं. “चल, बाबांना विचारू.”

“बाबांना? हे?” तो घाबरला. “त्यांना वाईट वाटेल.”

“वाटूदे. उठ.”

घरी आलो तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. शेजारणींनी आपापसांत गप्पा रंगवल्या होत्या. अभय सरळ बाबांच्या खुर्चीसमोर जाऊन खाली बसला आणि सगळं सांगितलं. गडगा, पोरगा, सख्या, सगळं. हळू आवाजात सांगितलं, पण घर केवढंसं, सगळ्यांना ऐकू गेलं.  मैनामावशी पदराशी चाळा करू लागल्या.

बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तो पोरगा मला याद हाय. तू याद ठेवलास?”

“हो.”

“मेल्या, तेवढाच याद ठेवलास.” बाबा काठीवर हनुवटी टेकून बसले. “माजी आयस मला सख्याच म्हणायची. लावणीला बांधावरनं हाक मारायची. सख्या, भाकर खाऊन जा रे. मला सखाराम म्हणाली असती ना, तर मी घाबरलो असतो, म्हटलं असतं, हिला काय झालं. गोदीतले दोस्त सख्याच म्हणायचे. आणि तो पण सख्याच म्हणाला. नाव तेच. मग नावात काय खोट होती काय?”

अभयने मांडीवरची वही मिटली.

“खोट त्याच्या तोंडात होती. त्याच्या तोंडाला तू नाव ठेवून कुलूप घालणार काय? कसला पण नाव ठेव, ज्याला मोडायचा तो मोडणार. आणि ज्यांचा जीव हाय ते पण मोडणार. घरातली पयली मोडणार.” बाबांना दम लागला. मी पाणी दिलं. दोन घोट घेऊन ते म्हणाले, “आता ठेव, नायतर मी तसाच जाईन.”

हे शेवटचं त्यांनी हसत म्हटलं, पण कोणी हसलं नाही.

अभय उठला. वही त्याने खिडकीत ठेवली. “ताई,” तो म्हणाला, “दोनातलं कुठलंही. तू सांग तिच्या कानात. मला आधी सांगू नकोस.”

आत्माराम गुरुजींनी मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. सगळं शांतपणे पार पडलं. आता राहिली मी.

चौदा महिन्यांची पोर पाळण्यात राहते थोडीच! तिला आत ठेवली तर ती कठडा धरून उभी राहिली आणि आतली दुपटी एकेक करून बाहेर फेकू लागली. मग उतरवली, तर दुडुदुडु चालत खुर्च्यांखाली. मी सत्तेचाळीस वर्षांची बाई, नऊवारी नेसून, गुडघ्यांवर रांगत तिच्या मागे, आणि माझ्या मागे वाकून चालणाऱ्या सात बायका, हात वर करून. शेवटी मी तिला भिंतीपाशी गाठलं, पिवळ्या पट्ट्यांखाली. तिचा कान धरला. “कुर्रर्र,” केलं.

आणि मला नाव सांगवेना.

खोटं नाही सांगत. विशाखा म्हणावं तर मैत्री किती गोड आहे असं वाटलं. मैत्री म्हणावं तर विशाखा कसं भारदस्त आहे. पुढे ही मोठी होईल, नोकरीला लागेल, कोणा खिडकीसमोर उभी राहील, तिथली बाई विचारेल, नाव काय? जे आत्ता माझ्या तोंडून निघेल ते ही जन्मभर सांगणार. चुकलं तर?  तीनशे नावं रोज लिहिणारी मी, पण ती सगळी दुसऱ्यांनी ठेवलेली होती. हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं. वर बघितलं तर अभय माझ्याकडे बघत होता, आणि त्याला बरोबर कळलं होतं की मला काय झालंय. त्याच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की मला त्याचा राग आला.

“ताई, चाळीस सेकंद झाले,” तो म्हणाला.

“विशाखा,” मी म्हटलं.

विशाखाच का, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. काही कारण नाही. जिभेवर आधी आलं. मैत्री तितकंच चांगलं होतं, अजूनही आहे, कोणाला हवं असल्यास घ्यावं.

मग धपाटे पडले. चौदा महिने साचलेले धपाटे होते, तिन्ही वेळचे हिशोब धरून. मैनामावशींनी दोन्ही हात वापरले. श्रुती मध्ये पडेल असं मला वाटलं होतं, तर तीही त्यात होती आणि चांगली जोरात होती. मी भिंतीला टेकून हसत होते, रडतही असेन.

“काय ठेवलं, काय ठेवलं?” मागून सगळ्या ओरडल्या. मी सांगितलं. अभयने ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून बघितलं. त्याच्या कपाळावर आठी येऊ लागलेली मला दिसली. आता हा म्हणणार, नक्षत्र. तेवढ्यात पोर खिरीच्या पातेल्याशी पोचली. खीर परत तापवून पातेलं नुकतंच उतरवून खाली ठेवलेलं, वाफ येत होती, आणि हिचा हात काठावर.

“ए विशे! सोड, सोड, भाजेल!” अभय ओरडला आणि झेप घेऊन त्याने तिला उचललं.

 नाव ठेवून पुरती तीन मिनिटं झाली नव्हती. अभय पोरीला कडेवर घेऊन उभा, त्याच्या तोंडून काय निघालं ते त्याचं त्यालाच आता कळत होतं. मैनामावशी पहिल्यांदा हसल्या. मग जे हसणं सुरू झालं त्यात गुरुजीसुद्धा सापडले. अभय आधी लाजला, मग पोरीच्या पोटात नाक खुपसून परत म्हणाला, “विशे. विशू. विशाक्का. विशकुटे.” एकदा बांध फुटल्यावर त्याला आवरता येईना.

“अरे थांब, मोडशील तिला,” श्रुती म्हणाली. डोळे पुसतच ती पुन्हा गॅसकडे वळली.

बाबा खुर्चीतून उठले होते. कोणाचं लक्ष नव्हतं, माझं गेलं. काठी टेकत दोन पावलं पुढे आले, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि सरळ उभे राहिले. अभयने पोरीला खाली ठेवलं होतं. ती पाठमोरी बसून चमचा फरशीवर आपटत होती. बाबांनी श्वास भरून घेतला. आता हे विशे म्हणतात की बाय म्हणतात असं मला वाटलं.

“विशाखा,” बाबा म्हणाले.

पूर्ण. एकेक अक्षर जागच्या जागी. मोठ्या माणसाला हाक मारावी तशी.

पोरीने वळून बघितलं नाही. तिला काय माहीत, हे नाव तिचं आहे म्हणून? ती चमचा आपटतच राहिली. अभय तिला वळवायला वाकला, तशी बाबांनी काठी उचलून त्याला अडवलं.

“ऱ्हावंदे,” ते म्हणाले. “नाय वळली तर नाय वळली. आता मला परत हाक मारता येते.”

आणि दम खाऊन त्यांनी परत हाक मारली.